एंजिन दोषनिदान, वेगवान मोटारगाड्यांतील

एंजिन सुरू होते, मंद गतीत विनातक्रार चालते; परंतु प्रवेगक (ॲक्सिलरेटर) पूर्ण दाबला, तरी ठराविक मर्यादेपलीकडे त्याचे फेरे वाढत नाहीत, वाढले तर अडखळत वाढतात, या एका लक्षणामागील कारण शोधून काढण्याची रीत. महाराष्ट्रातील कारागीर ही तक्रार ‘गाडी पिकअप घेत नाही’ अशा शब्दांत सांगतात. कार्ब्युरेटर व वितरक (डिस्ट्रिब्यूटर) असलेल्या जुन्या वेगवान गाड्यांत ही तक्रार विशेष आढळते आणि निदान चुकण्याचा संभवही तेथेच अधिक असतो. ठिणगी, इंधन, हवा आणि झडपा या चारही बाजूंचे दोष चालकाच्या पायाला जवळजवळ सारखेच जाणवतात. त्यामुळे वितरकातील एका झिजलेल्या स्प्रिंगेपायी कार्ब्युरेटरांचा संपूर्ण संच बदलला जातो, दोष कायम राहतो आणि बिघडलेल्या जुळणीची त्यात भर पडते. प्रस्तुत नोंदीत या निदानपद्धतीचा विकास कसा झाला, ते दिले आहे. एंजिनाच्या सर्वसाधारण रचनेसाठी स्वतंत्र नोंद पहावी [→ अंतर्ज्वलन-एंजिन].

काळाचा हिशोब : अधिक फेऱ्यांना प्रकट होणारा दोष हा बहुधा वेळ अपुरा पडल्याचा दोष असतो, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेणे आवश्यक आहे. चार धावांच्या, चार सिलिंडरांच्या एंजिनात भुजादंडाच्या प्रत्येक फेऱ्यास दोन ठिणग्या लागतात. मिनिटास १,००० फेरे असता दोन ठिणग्यांमध्ये ३० मिलिसेकंद मिळतात. ६,००० फेऱ्यांना सेकंदास २०० ठिणग्या पडाव्या लागतात व मधला अवकाश अवघा ५ मिलिसेकंद उरतो. सहा सिलिंडरांच्या एंजिनात तो ३·३ आणि आठ सिलिंडरांच्या एंजिनात २·५ मिलिसेकंद होतो. याच अवधीत प्रज्वलन-वेटोळ्यात (कॉइलमध्ये) विद्युत् प्रवाह चढावा लागतो, झडप उघडून पुन्हा आपल्या बैठकीवर टेकावी लागते आणि सिलिंडरात नवे मिश्रण शिरावे लागते.

इंधनाचा हिशोबही असाच बोलका आहे. सु. १५० अश्वशक्तीचे एंजिन पूर्ण शक्तीने चालत असता त्यास तासाला ४५ लिटरांच्या आसपास पेट्रोल लागते. तेच एंजिन जागेवर मंद चालताना तासाला एखाद-दुसऱ्या लिटरावर भागवते. अर्धवट तुंबलेल्या गाळणीतून दोन लिटर सहज जातात, पंचेचाळीस जात नाहीत. म्हणूनच ‘गाडी जागेवर उत्तम चालते, तेव्हा पेट्रोलचा दोष नसावा’ हा नेहमीचा युक्तिवाद फोल ठरतो.

प्रारंभीची एंजिने : निकोलाउस ओटो यांच्या १८७६ च्या चार धावांच्या स्थिर एंजिनाचे फेरे मिनिटास दोनशेच्या आत होते. गोटलीप डाइम्लर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये ते सहाशेपर्यंत नेले. त्यांच्या एंजिनात बाहेरून तापवलेल्या नळीने मिश्रण पेटत असे. या तप्त नळीच्या पद्धतीत पेटण्याचा क्षण हवा तसा बदलता येत नसे, त्यामुळे वेग वाढविण्यास तेथेच मर्यादा पडली. एंजिन ‘चढत नाही’ याचे कारण नेमके दाखवता यावे, असा हा बहुधा पहिलाच अडथळा होय. फ्रान्समध्ये द दिआँ व बूताँ यांनी १८९५ च्या सुमारास आपल्या लहान एंजिनात विजेरी, वेटोळे आणि संपर्क-खंडक (कॉन्टॅक्ट ब्रेकर, कारागिरांच्या भाषेत ‘पॉइंट’) वापरून मिनिटास १,५०० व त्याहून अधिक फेरे मिळविले.

याच एंजिनाने दोषनिदानाच्या इतिहासातील एक नमुनेदार प्रकरण घडविले. १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स यांनी द दिआँ-बूताँची एक तीनचाकी श्टुटगार्ट येथील रोबेर्ट बॉश यांच्या कर्मशाळेत आणून तीवर चुंबकीय प्रज्वलन-यंत्र (मॅग्नेटो) बसविण्यास सांगितले. बॉश यांचे यंत्र स्थिर एंजिनांसाठी होते. त्यात तारांचे वेटोळे असलेला जड गाभा मागेपुढे झुलत असे, आणि इतक्या जलद एंजिनाबरोबर तो झुलू शकत नव्हता. चुंबक किंवा वेटोळे यांत काहीही बिघडलेले नव्हते. वस्तुमान मात्र अधिक होते. कर्मशाळेतील प्रमुख कारागीर आर्नोल्ट त्सेअरिंगर यांनी जड गाभा स्थिर ठेवला व त्याभोवती हलके धातूचे कवच झुलविले. यंत्र वेगाबरोबर चालू लागले. पुढे १९०२ मध्ये गोटलोप होनोल्ट यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि ठिणगी-प्लगाचा वापर त्यामुळे सार्वत्रिक झाला. बिघाड झालेल्या भागाऐवजी वेगाला न पुरणारा भाग शोधावयाचा, ही दृष्टी त्सेअरिंगर यांच्या उपायात स्पष्ट दिसते. पुढील शतकात अडथळा एका भागातून दुसऱ्या भागात सरकत गेला, दृष्टी मात्र तीच राहिली.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांची विजेरी व वेटोळ्याची पद्धती १९१० च्या कॅडिलॅक गाडीवर आली. ती स्वस्त होती व तिच्यामुळे एंजिन सुरू करणे सुलभ झाले. म्हणून दोन महायुद्धांमधील काळात सामान्य गाड्यांतून मॅग्नेटो हद्दपार झाला. शर्यतीच्या गाड्यांनी मात्र तो दीर्घकाळ सोडला नाही. मॅग्नेटोची ठिणगी वेगाबरोबर जोरकस होते, वेटोळ्याची वेगाबरोबर दुबळी होते, हे त्याचे कारण. वेटोळ्याच्या प्राथमिक मंडलात प्रवाह पूर्णपणे चढण्यास काही मिलिसेकंद लागतात. पॉइंट मिटलेले राहण्याचा अवधी त्याहून कमी झाला की, प्रवाह अर्ध्यावरच तोडला जातो आणि ठिणगी क्षीण पडते. सेकंदास सु. ४०० ठिणग्या ही एका साध्या पॉइंटाची व्यवहारातील मर्यादा मानली जात असे. फेरारी गाड्यांच्या बारा सिलिंडरी एंजिनांत दोन वितरक व दोन वेटोळी असत. त्यांमागे दिखाऊपणा नसून हे गणित होते.

आगाऊ प्रज्वलन : मिश्रण पेटल्यापासून दाब पूर्ण वाढेपर्यंत काही काळ जातो. ६,००० फेऱ्यांना भुजादंड एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. म्हणून दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वीच ठिणगी टाकावी लागते आणि वेग वाढेल तसे हे अंतर काही प्रमाणात वाढवावे लागते. १९०८ ते १९२७ या काळात निर्माण झालेल्या फोर्डच्या ‘टी’ नमुन्यात यासाठी सुकाणू-चक्राखाली एक दांडी असे. एंजिनाचा आवाज ऐकून चालक ती सरकवीत असे. म्हणजे दोषनिदान व चालन ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या कानावर सोपविलेली होती. वितरकातील केंद्रोत्सारी वजनांनी पुढे हे काम आपोआप होऊ लागले. चालकाची त्यातून सुटका झाली, पण दोष त्याच्या नजरेआड गेला. वंगण वाळून ही वजने जागच्या जागी अडकली, तर मंद गतीतील प्रज्वलन बिनचूक राहते आणि वरच्या फेऱ्यांना जे तीस अंशांहून अधिक अंतर हवे ते दहावरच थांबते. गाडी सुरू होते, शहरात फिरते, पण कोठेच उत्साहाने चढत नाही. निष्कास-नळ्या मात्र अवाजवी तापतात.

हा दोष डोळ्यांनी पाहण्याचे साधन मॅसॅच्यूसेट्स तंत्रसंस्थेतील हॅरल्ड एजर्टन यांच्या कार्यातून उपलब्ध झाले. त्यांनी १९३१ मध्ये विकसित केलेल्या स्ट्रोबोस्कोपात अत्यल्प काळ चमकणाऱ्या दिव्यामुळे फिरणारी वस्तू स्थिर भासते. पहिल्या सिलिंडराच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा भुजादंडाच्या कप्पीवर धरला की, ठिणगी कोणत्या अंशावर पडते ते खुणेवरून दिसते. हा ‘टायमिंग लाइट’ पुढे प्रत्येक बऱ्या कर्मशाळेत पोहोचला. खेदाची बाब अशी की, बहुसंख्य कारागीर तो केवळ मंद गतीतच वापरीत. फेरे वाढवून खूण सरकते की नाही, सरकल्यावर एका जागी टिकते की थरथरते, हे पाहण्यातच त्याचे खरे मोल आहे. खूण थरथरत असेल, तर वितरकाच्या दांड्याचा धारवा झिजला आहे असे समजावे. मग पॉइंट कितीही वेळा जुळवले तरी व्यर्थ.

झडपा : झडप स्प्रिंगेने मिटते. फेरे फार वाढले की स्प्रिंग मागे पडते, झडप उंचावट्याचा (कॅमचा) पाठलाग सोडून तरंगू लागते आणि सिलिंडर भरण्याचे व दाबण्याचे कार्य बिघडते. या मर्यादेवरील सर्वांत धाडसी उपाय मर्सेडीझ-बेंझच्या १९५४ मधील ‘डब्ल्यू १९६’ या शर्यतीच्या गाडीत दिसतो. तीत स्प्रिंगाच नव्हत्या. झडप उघडण्यास एक व मिटण्यास दुसरा उंचावटा होता. ह्वान मान्वेल फांजो यांनी १९५४ चे जागतिक अजिंक्यपद काही अंशी व १९५५ चे पूर्णतः या गाडीवर मिळविले. रस्त्यावरील गाड्यांत मात्र स्प्रिंगाच राहिल्या व त्या वयोमानाने सैल पडतात. साखळी किंवा दातेरी पट्टा एक दाता सरकल्यानेही एंजिन वरच्या फेऱ्यांना निर्जीव होते. तथापि हे शोधण्यासाठी वरचे आवरण काढावे लागत असल्याने तो संशय शेवटी घेतला जातो.

एक उदाहरण : १९६४ मध्ये निर्मितीस आरंभ झालेल्या पोर्श ९११ या जर्मन गाडीच्या इतिहासात या विषयाचे बहुतेक सर्व धागे एकत्र आलेले आढळतात. तिचे सहा सिलिंडरी, हवेने थंड होणारे, १,९९१ घ. सेंमी. चे एंजिन मिनिटास ६,१०० फेऱ्यांना १३० अश्वशक्ती देई. म्हणजे सेकंदास तीनशेहून अधिक ठिणग्या. आरंभीच्या गाड्यांत सोलेक्स बनावटीचे सहा कार्ब्युरेटर होते. त्यांत नेहमीच्या तरंडीऐवजी पेट्रोल ओसंडवून पातळी राखण्याची रचना होती. या गाड्या सु. २,५०० ते ३,००० फेऱ्यांच्या दरम्यान अडखळत. गाडी नवी, ठिणगी चांगली, तरी ही तक्रार येई. कारण मंद गतीच्या मंडलाकडून मुख्य जेटांकडे इंधनपुरवठा जात असता मध्ये खळ पडत असे. जुळणीने हा दोष पूर्णपणे हटला नाही. १९६६ च्या आरंभी कंपनीने ते कार्ब्युरेटर काढून वेबर बनावटीचे बसविले. एंजिनाचे अडखळणे म्हणजे नेहमीच झीज किंवा निष्काळजीपणा नव्हे, मूळ आराखड्यातही दोष असू शकतो, याचे हे सर्वज्ञात उदाहरण होय. आज अशी गाडी दुरुस्त करणाऱ्याने तिच्यावर कोणते कार्ब्युरेटर आहेत हे आधी पहावे, एवढा बोध तरी त्यातून घ्यावा.

या गाडीतील दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. वितरकाच्या टोपणाखाली फिरणाऱ्या भुजेत (रोटरमध्ये) स्प्रिंगेने बांधलेले एक छोटे वजन असे. ठराविक फेऱ्यांना ते केंद्रोत्सारी प्रेरणेने बाहेर सरकून ठिणगीची वीज परस्पर धातूच्या दांड्यात उतरवी. एंजिन त्यापुढे चढत नसे व चालकाच्या अतिउत्साहापासून त्याचे रक्षण होई. अशी भुजा लोटस एलान व बीएमडब्ल्यू २००२ टीआयआय या गाड्यांतही होती. दोन-तीन दशकांनी ही स्प्रिंग सैल होते. मग साडेसहा हजारांना लागावयाचा लगाम साडेचार-पाच हजारांनाच लागतो. क्वचित असेही होते की, दुकानातून दुसऱ्या नमुन्याची, कमी मर्यादेची भुजा आणलेली असते. ती बरोबर बसते, गाडी चालते आणि ‘एंजिन भिंतीला धडकल्यासारखे थांबते’ अशी तक्रार घेऊन मालक वर्षानुवर्षे हिंडतो. या दोषाची खूण म्हणजे त्याचा काटेकोरपणा : प्रत्येक गिअरमध्ये, चढावर किंवा उतारावर, तो त्याच आकड्याला येतो. लगाम नसलेली साधी भुजा क्षणभर बसवून पाहिली की पाच मिनिटांत निकाल लागतो. मात्र त्या वेळी फेऱ्यांच्या काट्यावर नजर ठेवावी, कारण रक्षक काढलेला असतो.

इंधन-तुटीची रीत याहून निराळी. ती आकड्याला बांधलेली नसते, काळाला बांधलेली असते. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी पूर्ण वेगाने चढते, चौथ्यात चढावावर काही सेकंद ओढते व मग मालवू लागते. तेवढ्या अवधीत कार्ब्युरेटरातील साठा संपलेला असतो. थोडे थांबले की पुन्हा चालते. निष्कास-नळी तुंबलेली असेल, तर फेरे जितके वाढतील तितकी गाडी जड होते; दुहेरी नळीचे आतील अस्तर कोसळले असले, तर बाहेरून काहीच दिसत नाही. क्षीण ठिणगीचा दोष भाराखाली प्रकट होतो. मोकळ्या एंजिनात सिलिंडरातील दाब कमी असतो व दुबळी ठिणगीही उडी मारते. पूर्ण प्रवेगकावर दाब वाढतो, उडी मारण्यास अधिक विद्युत् दाब लागतो आणि ठिणगी टोपणातील एखाद्या तडीची सोपी वाट धरते. म्हणून गिअर काढून एंजिन घरघरविणे ही परीक्षा नव्हे. दुर्दैवाने कर्मशाळेच्या दारात होणारी परीक्षा बहुधा तीच असते.

१९६९ च्या नमुन्यांपासून या गाडीत धारित्र-विसर्जन प्रज्वलन आले. पॉइंट राहिले, पण त्यांच्याकडे केवळ इशारा देण्याचे काम उरले. वीज साठविण्याचे काम एका पेटीतील धारित्राने घेतले. किल्ली फिरवताच ही पेटी भुंग्यासारखा बारीक आवाज करते. तो ऐकू आला नाही, तर पुढचे सर्व शोध थांबवून पेटीचा विद्युत् पुरवठा पहावा. आवाज आला म्हणजे पेटी निर्दोष असे मात्र नव्हे.

साधने : निर्वात-मापक हे स्वस्त व दोन महायुद्धांच्या काळापासून परिचित साधन. सुस्थितीतील सामान्य एंजिन मंद गतीत पाऱ्याच्या ४५ ते ५३ सेंमी. इतका निर्वात दाखवते. एंजिन २,५०० फेऱ्यांवर स्थिर धरले असता सुई हळूहळू खाली घसरू लागली, तर निष्कास-मार्ग तुंबल्याचा संशय बळावतो. वेगवान एंजिनांत दोन्ही झडपा काही काळ एकत्र उघड्या राहतात. त्यामुळे त्यांचा निर्वात मुळातच कमी व सुई हलती असते. सामान्य गाडीच्या तक्त्यावरून त्यांना आजारी ठरविण्याची चूक पुष्कळांनी केली आहे.

दोलनदर्शक (ऑसिलोस्कोप) विमानांकडून मोटारगाड्यांकडे आला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातील मोठ्या दट्ट्या-एंजिनी प्रवासी विमानांत उड्डाण-अभियंता प्रत्येक सिलिंडरातील ठिणगीचा आलेख उड्डाण चालू असतानाच पडद्यावर पाही व जमिनीवर उतरण्यापूर्वी सदोष प्लग नेमका कोणता ते सांगू शके. पुढे हीच कल्पना कर्मशाळांतील चाकांवरच्या कपाटांत आली. पॉइंट मिटताना उसळतो की काय, कोणत्या प्लगास अधिक विद्युत् दाब लागतो, हे त्यात एका दृष्टिक्षेपात दिसे. परंतु पडद्यावरील रेषा वाचण्यास शिकलेला माणूस लागे. तसे थोडे होते. म्हणून ही कपाटे अनेक ठिकाणी ग्राहकावर छाप पाडण्यापुरती उरली.

कपाट नसले तरी गाडीतील फेऱ्यांचा काटाच पुष्कळ सांगतो, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. वेटोळ्याच्या प्राथमिक मंडलावर चालणारा काटा एंजिन अडखळताच वेड्यासारखा शून्याकडे उडाला, तर दोष प्राथमिक मंडलात, म्हणजे पॉइंट, धारित्र किंवा किल्लीची तार यांत असतो. काटा एंजिनाबरोबर सावकाश उतरला, तर तो दोष द्वितीयक मंडलात किंवा इंधनात शोधावा. दुसरी जुनी कसोटी प्लगांची : दोष येत असलेल्या वेगावर असतानाच क्लच दाबून एंजिन तत्काळ बंद करावयाचे व प्लग काढून पहावयाचे. पांढरट टोक इंधनाची उणीव व काजळी अतिरेक दर्शवते. गाडी चालवत घरी आणून मग प्लग काढले, तर ते केवळ घरी येण्याच्या वेगाची साक्ष देतात. या सर्वांआधी, प्रवेगक पूर्ण दाबला असता कार्ब्युरेटरातील पडदा खरोखर पूर्ण उघडतो काय, हे पहावे. ताणलेली तार किंवा पायाखालची जाड सतरंजी हे कारण निघाल्याने ओशाळलेल्या तज्ञांची संख्या लहान नाही.

अंतःक्षेपणाचा काळ : बॉश कंपनीचे ‘डी-जेट्रॉनिक’ हे विद्युत् नियंत्रित इंधन-अंतःक्षेपण १९६७ मध्ये फोक्सव्हागेन १६०० या गाडीवर आले. १९७३ पासून आलेल्या ‘के-जेट्रॉनिक’ या यांत्रिक पद्धतीत आत येणाऱ्या हवेने एक चकती उचलली जाते व तिच्या उंचीनुसार इंधन सुटते. चकतीवरचा प्रतिदाब एक नियंत्रक ठरवितो. हा दाब वाढला की चकती कमी उचलली जाते, मिश्रण विरळ होते व एंजिन चढत नाही. दाब मोजल्याशिवाय हे कळण्यास मार्ग नाही. तरीही मंद गतीच्या मिश्रणाचा स्क्रू फिरवून वरच्या फेऱ्यांचा दोष घालविण्याचे प्रयत्न जगभर झाले. परिणामी पुष्कळ निरोगी एंजिनांची जुळणी बिघडली. १९८० मध्ये फेरारी ३०८ या गाडीत कार्ब्युरेटर जाऊन हीच पद्धती आली, तेव्हा उत्सर्जन घटले आणि शक्तीही घटली. ती घट दोष नव्हती, हे नव्या मालकांना पटण्यास वेळ लागला.

कॅलिफोर्नियात १९८८ च्या नमुन्यांपासून व विस्तृत स्वरूपात अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारगाड्यांत दोष नोंदविणारी अंगभूत यंत्रणा अनिवार्य झाली. निदानाचे केंद्र कानाकडून संकेतांकाकडे सरकले. जुनी वेगवान गाडी या व्यवस्थेच्या बाहेर राहिली. तिला विचारता येईल असा संगणक तिच्यात नाही, आणि पॉइंटांचा अवकाश पात्याने मोजणारी पिढी कर्मशाळांतून निवृत्त होत गेली.

भारतातील परिस्थिती : मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात २००० पर्यंत बनत असलेली प्रीमिअर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीचालकांनी दीर्घकाळ चालविली. तिची कमाल शक्ती मिनिटास ५,००० फेऱ्यांच्या आतच मिळे व शहरात तेवढेही फेरे क्वचितच लागत. झिजलेला वितरक व अर्धी तुंबलेली गाळणी घेऊन ती वर्षानुवर्षे चाले. या गाड्यांवर तयार झालेला कारागिराचा कान मंद व मध्यम गतीसाठी अत्यंत तरबेज होता. वेगवान परदेशी गाडी त्याच्यापुढे आली की, तोच कान ‘सर्व ठीक आहे’ असा निर्वाळा देई. दोष कौशल्याचा नव्हता, ज्या पट्ट्यात दोष प्रकट होतो तो पट्टाच त्याच्या नेहमीच्या कामात येत नव्हता.

इंधनातील बदलांचाही येथे विचार करावा लागतो. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. इथेनॉलचे २० टक्के मिश्रण असलेले पेट्रोल २०२३ पासून क्रमाक्रमाने आले व २०२५ पर्यंत देशभर रूढ झाले. शुद्ध पेट्रोलला वजनाने सु. १४·७ पट हवा लागते, इथेनॉलला सु. ९ पट. शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेला जुना कार्ब्युरेटर या मिश्रणावर विरळ चालतो, आणि विरळपणा पूर्ण भाराखाली सर्वांत अधिक जाचतो. त्यासाठी मोठ्या छिद्राचे जेट लागतात. शिवाय जुन्या रबरी नळ्यांचे आतील अस्तर इथेनॉलने फुगते किंवा सुटते. बाहेरून नवी दिसणारी नळी आतून अर्धी मिटलेली असू शकते. प्लगांच्या रंगावरून मिश्रण ओळखण्याची जुनी कसोटीही आता पूर्वीइतकी विश्वसनीय राहिलेली नाही. म्हणून जुन्या गाड्यांच्या जाणत्या कर्मशाळांत निष्कास-नळीत ऑक्सिजनमापक संवेदक तात्पुरता बसवून रस्त्यावर गाडी चालवितात, फेऱ्यांबरोबर मिश्रणाची नोंद घेतात आणि दोष नेमका कोणत्या आकड्यावर व किती सेकंदांनी सुरू होतो, ते पाहून मगच पाना हातात घेतात.